एक पोतं, दोन माणसं

दिवाळीच्या तोंडावर फुलंब्रीहून संभाजीनगरला जाणाऱ्या जळगाव रस्त्यावर सकाळपासून वर्दळ असते. शहराकडे मक्याच्या आणि कापसाच्या गाड्या निघालेल्या असतात. शहराकडून हर्सूल, सावंगी, चौका असं मागे टाकत किराणा भरलेले छोटे टेम्पो येत असतात. साखरेचे कट्टे, पोह्यांची पोती, तेलाचे डबे आणि साबणाचे खोके लादलेले हे टेम्पो बहुतेक फुलंब्री, वडोद बाजार, बाबरा, पीरबावडा इथल्या दुकानदारांचे. त्यांच्यामागून मोटारसायकलीही येतात. टाकीवर आडवी टाकलेली गोणी, मागे तेलाचा डबा मांडीवर धरून बसलेली घरधनीण. हा माल विकायचा नाही, घरात खायचा आहे. ठोक भावात घेतला म्हणजे स्वस्त पडला, या भरवशावर तीसेक किलोमीटर जाऊन तो आणलेला असतो.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘घरखर्च’ हा विषय दिला, तेव्हा या टाकीवरच्या गोणीचाच हिशेब मांडायचं ठरलं. घरात बारा-पंधरा माणसं आणि दोन-चार सालगडी जेवत होते, त्या काळी गोणी आणावी की नाही हा प्रश्नच नव्हता. आता मुलगा वाळूजला किंवा चाकणला कामाला, मुलगी सासरी आणि गावात आई-वडील दोघंच, अशी घरं गल्लोगल्ली आहेत. दुसऱ्या बाजूला बदलीवर आलेले शिक्षक, तलाठी, बँकेतले कर्मचारी आहेत. नवरा-बायको आणि एखादं मूल, भाड्याच्या दोन खोल्या. अशा घराला ठोक खरेदी खरंच परवडते का?

कार्ड कुणाला मिळतं?

वर्गणी भरून सभासद व्हायचं आणि गोदामासारख्या अवाढव्य दुकानातून मोठ्या मापाने माल उचलायचा, ही पद्धत अमेरिकेत रुजली. सोल प्राइस यांनी १९७६ साली सॅन दिएगोमध्ये विमानाच्या जुन्या हँगरमध्ये ‘प्राइस क्लब’ सुरू केला. सुरुवातीला तिथे छोट्या व्यावसायिकांनाच प्रवेश होता. १९८३ मध्ये ‘कॉस्टको’ आणि वॉलमार्टचं ‘सॅम्स क्लब’ आलं. कॉस्टकोत मोजून चारेक हजार प्रकारचा माल असतो, नफ्याची टक्केवारी मुद्दाम कमी ठेवलेली असते आणि कंपनीच्या कमाईचा मोठा हिस्सा सभासदांच्या वर्गणीतून येतो. २०२४ पासून तिथली साधी वर्गणी वर्षाला ६५ डॉलर आहे. अमेरिकेतल्या मराठी घरांना ही दुकानं चांगली परिचयाची आहेत. तांदळाची मोठी पिशवी, दुधाचे कॅन, बदामाची थैली तिथूनच येते. पण त्या घरांना गाडीची डिकी असते, गॅरेज असतं, कित्येकांकडे जास्तीचा फ्रीजरही असतो. ही सोय वजा केली की त्या स्वस्ताईचा अर्धा आधार जातो.

आपल्याकडे परदेशी कंपन्यांना घाऊक व्यापाराचं दार आधी उघडलं. २००६ पासून त्यात शंभर टक्के परकी गुंतवणूक वेगळ्या मंजुरीशिवाय करता येते, मात्र माल व्यावसायिकालाच विकायचा, घरगुती वापरासाठी नाही, अशी अट आहे. जर्मनीच्या ‘मेट्रो’ने २००३ मध्ये बंगळुरूत पहिलं दुकान उघडलं होतं. वॉलमार्टने २००९ मध्ये अमृतसरला ‘बेस्ट प्राइस’ सुरू केलं आणि त्याच साखळीत महाराष्ट्रातली अमरावती आणि आपलं औरंगाबाद, म्हणजे आताचं संभाजीनगर, ही दोन शहरं आली. २०२० मध्ये हा व्यवसाय फ्लिपकार्टकडे गेला. मेट्रोची भारतातली दुकानं २,८५० कोटी रुपयांच्या व्यवहारात रिलायन्सने घेतली.

या घाऊक दुकानांच्या कार्डासाठी जीएसटी नोंदणी, गुमास्ता किंवा तत्सम व्यावसायिक परवाना लागतो. हॉटेलवाला, खानावळ, शाळेचं वसतिगृह, नोंदणीकृत संस्था यांना ते मिळू शकतं. फुलंब्रीतल्या दोघांच्या घराला मिळत नाही. कुणी ओळखीच्या दुकानदाराच्या कार्डावर जात असेलही, पण नियम त्या दुकानदाराने आपल्या धंद्यासाठी माल घ्यावा असाच आहे. तेव्हा घरगुती गिऱ्हाइकापुढे उरतात ते शहरातला मोंढा आणि डीमार्टसारखी दुकानं. डीमार्टला कार्ड लागत नाही. राधाकिशन दमानी यांनी २००२ मध्ये पवईत सुरू केलेल्या या साखळीचं गणित साधं आहे: जागा शक्यतो स्वतःची, पुरवठादाराला पैसे लवकर, त्यामुळे माल स्वस्त आणि विक्री छापील किमतीच्या खाली.

मोंढ्यावर

संभाजीनगरात भुसार घ्यायचं म्हटलं की दोन नावं पुढे येतात. एक जाफर गेटकडचा जुना मोंढा. शहरातल्या उड्डाणपुलालाही ‘मोंढा नाका’ हे नाव त्यावरूनच पडलं. दुसरं जाधववाडीचं बाजार समितीचं आवार. फुलंब्रीकर हर्सूलवरूनच शहरात शिरत असल्याने जाधववाडी त्यांना सोयीची.

मोंढ्यावरच्या दुकानात पोत्यांची तोंडं उघडी असतात. गिऱ्हाईक मूठ भरून गहू तळहातावर घेतं, एखादा दाणा दातांखाली फोडून बघतं. कडक आवाज आला तर गहू सुकलेला, दाणा मऊ लागला तर ओल आहे. लोकवन घ्यायचा की शरबती, ज्वारी मालदांडी आहे की दुसरी, यावर बोलणं होतं. भावात घासाघीस फारशी चालत नाही, पण माल बदलून मिळतो. हमाली वेगळी द्यावी लागते.

इथे करांचा एक बारकावा गिऱ्हाइकाने ध्यानात ठेवावा. १८ जुलै २०२२ पासून वेष्टन आणि लेबल असलेल्या धान्य, डाळी आणि पिठाच्या २५ किलोपर्यंतच्या पिशवीवर पाच टक्के जीएसटी आहे. पोत्यातून सुटं मापून घेतलं तर तो नाही, आणि २५ किलोहून मोठ्या पोत्यावरही नाही. बाजारात २६ आणि ३० किलोच्या गोण्या दिसू लागल्या त्या यामुळेच. तेव्हा ‘मोठी गोणी स्वस्त’ यातला काही भाग व्यापाऱ्याच्या उदारपणाचा नसून कराचा असतो. हाच फायदा गावातल्या दुकानातून सुटा गहू घेणाऱ्यालाही मिळतो. त्यासाठी शहर गाठावं लागत नाही.

पेव, बळद आणि बहात्तर साल

वर्षाचं धान्य एकदम भरायची सवय मराठवाड्याला मोंढ्याने लावलेली नाही. ती शेतीतून आली. जमिनीत खोल खणलेलं पेव, वाड्याच्या भिंतीतलं बळद, बांबूची शेणाने सारवलेली कणगी ही सगळी आपल्याच घरचं धान्य सांभाळायची साधनं होती. रबीचा माल मार्च-एप्रिलमध्ये घरात येई, उन्हं कडक असत, बायकांच्या हाती वाळवणाचे दिवस असत. कुरडया, पापड आणि येसर यांच्या जोडीने गहूही अंगणात पडे.

त्यावर १९७२ चा दुष्काळ आला. खडी फोडायची रोजगार हमीची कामं, रेशनवरचा तांबडा मिलो, मुलांना वाटली जाणारी सुकडी हे ज्यांनी पाहिलं, त्यांच्या मनात भरलेल्या कोठीचं मोल रुपयांत मोजता येत नाही. आजही सत्तरीतली आजी दोघांच्या घरात तीन पोती गहू भरायला सांगते, तेव्हा ती पैसे वाचवत नसते. तिला पावसाळाभर निर्धास्त झोप हवी असते. हे कारण खरं आहे आणि त्याचा मान ठेवायला हवा. पण त्याला बचत म्हणू नये.

दोघांना लागतं किती?

देशाच्या घरगुती खर्चाच्या २०२२-२३ च्या पाहणीत ग्रामीण भागात माणशी दरमहा तृणधान्याचा खप सुमारे साडेनऊ किलो निघाला. २०११-१२ मध्ये तो सव्वाअकरा किलोंच्या आसपास होता. म्हणजे माणसं कमी झाली आणि प्रत्येकाची भाकरीही कमी झाली. साडेनऊ किलोंनी दोघांचे महिन्याला १९ किलो, वर्षाला सव्वादोन क्विंटल. यात गहू, ज्वारी, बाजरी, तांदूळ सगळं आलं.

आता यातून रेशन वजा करू. अन्नसुरक्षा कायद्याखालच्या प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य मिळतं, आणि १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षं ते मोफत आहे. दोघांचे दहा किलो. उरतात महिन्याला नऊ, वर्षाला साधारण एक क्विंटल. केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांची गोष्ट वेगळी. मराठवाड्यासह चौदा जिल्ह्यांत त्यांना धान्याऐवजी २०२३ पासून माणशी महिन्याला १५० रुपये, पुढे १७० रुपये खात्यावर देण्याचं धोरण झालं. त्यांना धान्य विकतच घ्यावं लागतं.

एका क्विंटलचं गणित मांडून पाहू. धरा, मोंढ्यावर गहू गावातल्यापेक्षा किलोमागे चार रुपयांनी स्वस्त मिळाला. वाचले ४०० रुपये. जाऊन-येऊन साठ किलोमीटर, मोटारसायकलचं पेट्रोल सव्वाशे रुपयांच्या घरात. एका फेरीत क्विंटल येत नाही, म्हणजे दोन फेऱ्या किंवा टेम्पोचं भाडं. वर हमाली. शंभर किलोंतले पाच किलो किडीने गेले, तर दीडशे रुपये आणखी गेले. शेवटी हाती काही उरलं तर चहापाण्यापुरतं उरतं, आणि तेही दिवस मोडून.

एसटीने गेलं तर? मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे. तिकीट वाचतं हे खरं. पण पंच्याहत्तरीतल्या माणसाने तीस किलोची गोणी स्थानकातून कशी न्यायची, याचं उत्तर सवलतीत नाही.

फुलंब्रीकराजवळ शहरवाल्याला न मिळणारा एक मार्ग मात्र आहे: थेट शेतकऱ्याच्या खळ्यावरून गहू घ्यायचा. गिरिजेच्या पाण्यावर आणि विहिरींवर तालुक्यात गहू होतो. २०२५-२६ च्या रबी विपणन हंगामासाठी गव्हाचा हमीभाव क्विंटलला २,४२५ रुपये होता. ओळखीच्या शेतकऱ्याला त्याहून थोडे वर देऊन निवडक माल घेतला, तर आडत नाही, हमाली नाही, लांबची वाहतूक नाही. शेतकऱ्यालाही मोंढ्यावर मिळतात त्याहून जास्त पैसे हातात पडतात. ठोक खरेदीचा खरा लाभ इथे आहे, आणि तो जळगाव रस्त्याने शहराकडे न जाता मिळतो.

पोतं घरी आल्यावर

पोतं उतरवलं की पुरुषांचं काम संपतं आणि बायकांचं सुरू होतं. चाळणं, निवडणं, ऊन देणं, औषध लावणं, भरणं. ठोक खरेदीच्या कुठल्याच हिशेबात ही मजुरी धरली जात नाही. ती धरली, तर अनेक घरांत ‘स्वस्त’ गहू महाग निघेल.

काम टाळून मात्र चालत नाही. गव्हातला आणि तांदळातला सोंडकिडा दाण्याला भोक पाडून आत अंडं घालतो आणि भोक बंद करतो, म्हणून वरून दाणा चांगला दिसतो. उष्ण, दमट हवेत महिनाभरात नवी पिढी बाहेर पडते. एक मादी तीनशेच्या आसपास अंडी घालते. जूनमध्ये पाऊस पडला की त्याला हवी तशी हवा मिळते. मुगा-चवळीतला भुंगेरा तर शेतातूनच शेंगेबरोबर येतो. दाण्यावर चिकटलेला पांढरा ठिपका म्हणजे त्याचं अंडं. अख्ख्या कडधान्यापेक्षा डाळ बरी टिकते ती यामुळे. कमी माणसांच्या घरात पोतं संथपणे रिकामं होतं. दहा माणसांचं घर तीन महिन्यांत जे संपवतं, ते दोघांना वर्षभर किडीपासून राखावं लागतं.

राखायची रीत जाणत्या बायकांना ठाऊक आहे. पातळ पसरून कडक ऊन द्यायचं, पण गरम धान्य लगेच भरायचं नाही, सावलीत निवू द्यायचं. गरम भरलं तर कोठीच्या आतून घाम धरतो. ओल बारा टक्क्यांच्या वर नको. गव्हाला एरंडेलाचा हात, तांदळाला बोरिक पावडर, वर कडुनिंबाचा वाळलेला पाला. कोठी गच्च भरली की हवा कमी राहते. दोनशे लिटरच्या पिंपात दीड क्विंटल गहू मावतो. क्विंटलच घ्यायचा तर पिंपही त्याच मापाचं हवं, अर्धं रिकामं पिंप किडीच्या सोयीचं.

एक गोष्ट कळकळीने सांगावी लागेल. शेतीच्या दुकानातली सल्फासची, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी राहत्या घरातल्या धान्यात कधीही ठेवू नये. ओल लागली की तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो, तो झोपलेल्या माणसांचा जीव घेतो आणि त्यावर उतारा नाही. चार किलो गहू वाचवायला हा धोका कुणी पत्करू नये.

तेलाचा डबा आणि इतर मोहाचा माल

दिवाळीत सर्वांत जास्त डोळ्यांत भरतो तो तेलाचा डबा. आधी त्यावरचं लेबल वाचावं. काही डबे १५ किलोचे, काही १५ लिटरचे. एक लिटर तेल सुमारे ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोंहून थोडंच जास्त तेल. भावाची तुलना करताना हा सव्वा किलोहून अधिकचा फरक हमखास नजरेतून सुटतो.

आहारतज्ज्ञ सांगतात त्याप्रमाणे माणशी दिवसाला वीस ते तीस ग्रॅम तेल धरलं, तर दोघांना १५ किलोचा डबा आठ महिने ते वर्षभर पुरेल. फोडलेल्या डब्यातलं तेल हवा लागून त्याआधीच खवट होतं. मग एक तर ते वाया जातं, नाहीतर लवकर संपवायचं म्हणून तळण वाढतं. दोघांच्या घरात पूर्ण डबा नको, हा निकाल स्पष्ट आहे. दिवाळीच्या फराळापुरता पाच लिटरचा कॅन पुरे.

शेंगदाण्याचंही तसंच. सोललेले दाणे पावसाळ्यात खवट होतात, बुरशी धरतात, आणि त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष भाजूनही पुरतं जात नाही. बाजरीचं पीठ आठवड्यात कडवट होतं. रवा, बेसन, मैदा यांत पोरकिडे होतात. यातलं काहीच मोठ्या मापाने घेण्यासारखं नाही.

मोठ्या मापाने घ्यावं ते साबण, कपडे धुण्याची पावडर, मीठ, साखर, उन्हाळ्यात आलेली तूरडाळ आणि जुना करून खायचा तांदूळ. साबणाला कीड लागत नाही, उलट वाळलेला साबण जास्त दिवस पुरतो. एवढ्यासाठी डीमार्टची वर्षातून दोन-तीनदा फेरी ठीक आहे, आणि तीही शहरात दवाखान्याचं किंवा बँकेचं दुसरं काम असेल तेव्हा. पुड्यावर किलोमागे किंवा ग्रॅममागे पडणारी किंमत छापलेली असते. ती बघावी, कारण मोठा पुडा प्रत्येक वेळी स्वस्त असतोच असं नाही.

कोपऱ्यावरचं दुकान

गावातला किराणावाला किलोमागे तीन-चार रुपये जास्त घेतो, ते कशाचे? तो मोंढ्यावर जातो, भाडं भरतो, नासधूस सोसतो, अर्धा पाव डाळही तोलून देतो. पण सर्वांत मोठी गोष्ट त्याच्या वहीत असते. कापूस वेचून विकला जाईपर्यंत, मक्याचे पैसे येईपर्यंत घरचा किराणा त्या वहीवर चालतो. बिनव्याजी म्हणा किंवा भावात मुरलेल्या व्याजाने म्हणा, उधारी मिळते. मोठ्या दुकानाच्या गल्ल्यावर ती मिळत नाही. ज्याचं उत्पन्न वर्षातून दोनदा येतं, त्या घराला जून-जुलैत हजार रुपये पोत्यात अडकवणं परवडत नाही. बियाणं आणि खत तेव्हाच घ्यायचं असतं.

महिन्याचा पगार असलेल्या घराला हा आधार लागत नाही, म्हणून त्याला डीमार्ट जवळचं वाटतं. दोन्ही घरं शेजारी असली, तरी त्यांचा हिशेब एक नाही.

चार घरं, एक टेम्पो

लहान घराला ठोक खरेदी परवडत नाही याचं कारण माप मोठं आहे एवढंच. माप वाटून घेतलं तर? हा प्रयोग महाराष्ट्राने केव्हाच करून दाखवला आहे. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे गट केले. गटाची मागणी एकत्र करायची, माल घाऊक आणायचा आणि सभासदांनीच आळीपाळीने तो वाटायचा. नफा कुणाचाच नाही. हजारो मध्यमवर्गीय कुटुंबांचा महिन्याचा किराणा असा आला. त्या कुटुंबांपैकी कुणाकडेही गोदाम नव्हतं, दोन-तीन खोल्यांची घरं होती. सोल प्राइस यांचा क्लब सुरू होण्याच्या एक वर्ष आधीची ही गोष्ट आहे. गोदामाशिवायचा क्लब आपल्याकडे आधी उभा राहिला, याचा मराठी माणसाने अभिमान बाळगावा.

फुलंब्री तालुक्यात त्यासाठी नवी संस्था काढायची गरज नाही. ‘उमेद’ आणि ‘माविम’चे महिला बचत गट गावोगाव आहेत. दर महिन्याला बैठक होते, वही असते, खातं असतं, एकमेकींची पारख असते. गट पैशांची बचत करतो, तसाच किराणाही एकत्र आणू शकतो. दहा घरांची साबण, साखर, तूरडाळ आणि तेलाची यादी एका कागदावर आली की टेम्पोचं भाडं दहांत विभागतं. तेलाचा डबा तीन घरांत फुटला तर तीन महिन्यांत संपतो, खवट व्हायला वेळच मिळत नाही.  अडचणी आहेत: तोलणार कोण, उशिरा पैसे देणारीला सांगणार कोण, वाईट माल निघाला तर परत नेणार कोण. मुंबईतही हे सगळे प्रश्न आले होते, आणि पाळी लावून ते सुटले.

येत्या मार्चमध्ये गहू निघेल. दोघा-तिघांच्या घरांनी तोवर एवढं करावं: आपल्याला महिन्याला नेमकं किती लागतं ते तीन महिने लिहून काढावं, ओळखीच्या शेतकऱ्याकडे एका पोत्याचा शब्द टाकावा, आणि तेलाचा डबा घ्यायचाच असेल तर आधी शेजारच्या दोन घरांना विचारावं.